ना अडणे, ना सोडणे

मऊ माणसाविषयी आपल्या समाजाचे खरे मत काय आहे, हे पाहायचे असेल तर आपली म्हण पाहावी. मऊ लागले म्हणून कोपराने खणू नये, असे आपण म्हणतो. म्हणजे मऊ लागले की कोपराने खणावेसे वाटणारच, हे आपण गृहीत धरले आहे! तुकोबांचे लव्हाळे आपल्या सर्वांच्या तोंडी असते. पण पोराला शाळेत धाडताना मात्र आपण त्याला झाडासारखे ताठ राहायला सांगतो. मी स्वतः शिक्षिका आहे. 'ताठ उभे राहा' हे तीन शब्द मी आयुष्यात किती हजार वेळा उच्चारले असतील, याचा हिशेब चित्रगुप्तालाच ठाऊक.

तेव्हा मऊपणा आणि दुबळेपणा एकच की वेगळे? आणि वेगळे असतील तर त्यांतला फरक ओळखावा कसा? हा प्रश्न मला पडला तो एखाद्या जाडजूड ग्रंथामुळे नव्हे. तो पडला आमच्या अंगणातल्या एका शेवाळलेल्या फरशीमुळे.

तीन वर्षांपूर्वीच्या श्रावणात सासूबाई तुळशीला पाणी घालायला गेल्या आणि त्या फरशीवरून घसरल्या. खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया झाली, हाड सांधले, डॉक्टरांनी 'आता चाला' म्हणून सांगितले. पण हाड सांधले तरी धीर सांधला नव्हता. खाटेपासून मोरीपर्यंतची दहा पावले त्या भिंतीला चिकटून चालत. मी त्यांचा दंड घट्ट धरून त्यांना पुढे नेत असे. शाळेची वेळ झालेली, कुकरच्या शिट्ट्या चाललेल्या. माझ्या धरण्यात माया किती आणि घाई किती, हे मला तेव्हा कुणी विचारले असते तर मी रागावलेच असते.

व्यायाम शिकवायला एक तरुण फिजिओथेरपिस्ट मुलगी घरी येत असे. तिने दोन दिवस नुसते पाहिले आणि तिसऱ्या दिवशी मला बाजूला घेऊन म्हणाली, "काकू, रागावू नका, पण आजी पुन्हा पडल्या तर त्या तुमच्यामुळं पडतील."

मी थक्कच झाले. ती म्हणाली, "तुम्ही त्यांचा दंड ओढता, म्हणून त्यांचा सगळा भार तुमच्या हातावर येतो. पायांना वाटतं, आपलं काम संपलं. तुम्ही त्यांना धरू नका. त्यांना तुम्हाला धरू द्या."

याच मुलीने आमच्या घरात 'ताई ची' हा शब्द आणला. पडण्याच्या भीतीवर तो चांगला व्यायाम आहे, आपण पुण्यात तो शिकलो आहोत, असे ती सांगू लागली, तेव्हा सासूबाईंनी खाटेवरून विचारले, "ताईची? कुणाच्या ताईची?" तो चिनी व्यायाम आहे हे कळल्यावर त्यांनी आणखी एक अट घातली. "ही करणार असेल तर मी करीन. एकटी मी म्हातारपणी असले नाच करणार नाही." अशा रीतीने, प्रकृतीची काहीही तक्रार नसताना, मी दररोज सकाळी वीस मिनिटे अंगणात हवेत हात फिरवू लागले. शेजारच्या मुलांना वाटे, या बाई अदृश्य कोळिष्टके काढताहेत.

वाचकांपैकी पुष्कळांनी हा प्रकार चित्रपटांत पाहिला असेल. बीजिंगच्या स्वर्गमंदिराच्या उद्यानात भल्या पहाटे म्हातारी माणसे रांगा करून उभी असतात आणि पाण्याखाली चालावे तशी संथपणे हात-पाय हलवीत असतात. त्या हालचालींची नावे मोठी चित्रमय आहेत: पांढरा करकोचा पंख पसरतो, रानघोड्याची आयाळ विंचरावी तसे हात दुभंगतात, चिमणीची शेपटी धरायची असते, ढगांसारखे हात वाहू द्यायचे असतात. एखाद्या बालकवितेत शोभावीत अशी ही नावे. पण या कलेचे पूर्ण नाव 'ताई ची छुआन' असे आहे. 'ताई ची' म्हणजे जिथे यिन आणि यांग ही दोन्ही तत्त्वे एकत्र असतात ते परमतत्त्व. आणि 'छुआन' म्हणजे मूठ. आरोग्यासाठी करायच्या या सौम्य प्रकाराच्या नावातच मूठ आहे. ही मूळची मारामारीची विद्या!

तिची जन्मकथा सांगणारे लोक वूतांग पर्वतावरच्या चांग सानफंग नावाच्या योग्याकडे बोट दाखवतात. पक्षी आणि साप यांची झुंज पाहून त्याला ही विद्या सुचली, अशी आख्यायिका आहे. इतिहासकार मात्र हेनान प्रांतातल्या चेनजियागौ नावाच्या खेड्यापाशी येऊन थांबतात. तिथल्या चेन घराण्यात सतराव्या शतकापासून ही विद्या चालत आली. एकोणिसाव्या शतकात यांग लूछान (१७९९–१८७२) हा परक्या घरातला माणूस तिथे जाऊन ती शिकला, बीजिंगला गेला आणि राजघराण्यातल्या मंडळींचा गुरू झाला. लोक त्याला 'अजिंक्य यांग' म्हणत. चेन घराण्याच्या प्रकारात आजही मधूनच पाय आपटतात, विजेसारखा ठोसा सुटतो. पण या अजिंक्य वीराचा नातू यांग छंगफू (१८८३–१९३६) याने उड्या आणि झटके काढून टाकले. सगळी चाल एका लयीत, संथ आणि सैल केली. म्हातारे-कोतारे, दुखणाईत, बायामाणसे, कुणीही करावी अशी. पुढे १९५६ साली चीनच्या क्रीडा आयोगाने त्याच यांग परंपरेतून २४ हालचालींचा एक सुटसुटीत संच तयार केला. तो पाच-सहा मिनिटांत आटोपतो, आणि आज जगात सर्वांत जास्त लोक करतात तो हाच. २०२० साली युनेस्कोने या विद्येला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत जागा दिली. आपला योग त्या यादीत २०१६ पासूनच आहे; तेव्हा शेजारी घरी आला म्हणून कुणी नाक मुरडायचे कारण नाही.

आता मुठीचा असा तळवा झाला, याचा अर्थ काय लावायचा? बंदुकीच्या काळात मुठीला किंमत उरली नाही म्हणून ती मऊ झाली, असे कुणी म्हणेल. मलाही प्रथम तसेच वाटले होते. पण करू लागल्यावर ध्यानात आले की मऊपणा नंतर चिकटवलेला नाही. तो या विद्येचा कणाच आहे.

पहिला धडा पावलाचा. ताई चीत दोन्ही पायांवर सारखा भार देऊन उभे राहणे हा दोष समजतात. एक पाय भरलेला, दुसरा रिकामा. पुढचे पाऊल टाकायचे ते रिकामे टाकायचे. टाच टेकवायची, जमीन कशी आहे ते चाचपायचे, आणि मग मडक्यातले पाणी हळूच दुसऱ्या मडक्यात ओतावे तसा भार पुढे न्यायचा. टेकवलेले पाऊल, वाटल्यास, परत घेता आले पाहिजे. आपण एरवी चालतो ते कसे? आधी अंग पुढे झोकतो आणि मागाहून पाय त्याला सावरायला धावतो. दर पावलाला आपण थोडेथोडे पडतच असतो. तरुणपणी पाय वेळेवर पोचतात एवढेच!

हे करताना मला माझ्या वर्गातली मुले आठवत. उत्तर ऐकून घेण्याआधीच मी ज्यांच्यावर मताचा भार टाकला, अशी किती मुले! 'हा मंद आहे' हे पाऊल मी कधी रिकामे टाकले होते? पण तो निराळा निबंध होईल.

दुसरा धडा डुलण्याचा. अमेरिकेत अटलांटा शहरी सत्तरी गाठलेल्या २०० माणसांवर एक प्रयोग झाला. काहींना १५ आठवडे ताई चीचे सोपे प्रकार शिकवले, काहींना संगणकाला जोडलेल्या फळीवर उभे करून तोल सांभाळण्याचे शिक्षण दिले, आणि उरलेल्यांशी नुसत्या चर्चा केल्या. १९९६ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ताई ची करणाऱ्यांत वारंवार पडण्याचा धोका ४७.५ टक्क्यांनी कमी झाला होता. इथवर नवल काही नाही. नवल आहे ते १९९७ साली त्याच संशोधकांनी ७२ वृद्धांविषयी जे प्रसिद्ध केले त्यात. उभे असताना माणसाचे शरीर किती डुलते, हे त्यांनी यंत्राने मोजले. फळीवर शिकलेल्यांचे डुलणे कमी झाले होते. ताई ची शिकलेल्यांच्या डुलण्यात फारसा फरक पडलाच नव्हता! त्यांची कमी झाली होती ती पडण्याची भीती.

ही हकीकत त्या मुलीने मला सांगितली तेव्हा मी दिवसभर तिचाच विचार करीत होते. आपण समजतो, स्थिर माणूस म्हणजे न डुलणारा माणूस. पण डुलणे हा दोष नाही. उभे राहण्याचाच तो एक भाग आहे. डुलण्याची भीती बसली की माणूस ताठ होतो, भिंतीला धरतो, गुडघे आवळतो. आणि आवळलेला माणूस दगडासारखा सरळ खाली येतो. आपल्या नीतीतला ताठरपणाही पुष्कळदा असाच, भीतीतून आलेला असतो. ज्याला आपल्या पायांची खात्री नाही तोच फार ताठ उभा राहतो. आणि लव्हाळ्याचे म्हणाल, तर ते वर झुकते याचेच आपण कौतुक करतो. खाली चिखलात त्याने मुळे किती घट्ट धरलेली असतात तिकडे आपले लक्षच जात नाही. मुळे नसलेले लव्हाळे झुकत नाही, वाहून जाते.

मऊपणा आणि दुबळेपणा यांतला फरक मला इथे प्रथम सापडला. तो वर दिसत नाही, पायांत असतो.

पण तिसरा धडा सर्वांत अवघड. आणि ज्यासाठी मी हे लिहायला बसले तो तोच. ताई चीत एकट्याने करायच्या हालचालींखेरीज जोडीने करायचा एक प्रकार आहे. चिनी भाषेत त्याला 'थुई शौ' म्हणतात. हात ढकलणे असा त्याचा अर्थ. दोघांनी समोरासमोर उभे राहायचे, मनगटाला मनगट लावायचे आणि जात्यासारखे गोल फिरवीत राहायचे. मधूनच एकाने रेटायचे, दुसऱ्याने तो रेटा अंगावर न घेता वळवून द्यायचा. ज्याचे पाऊल हलले तो हरला. यात हाताने ढकलण्यापेक्षा हाताने ऐकण्याला महत्त्व आहे. त्या लोकांचा शब्दच 'ऐकणे' असा आहे. समोरच्याचा रेटा कुठून येतो, केव्हा सुरू होतो, कुठे संपतो, हे मनगटाच्या कातडीने ऐकायचे.

या खेळात दोन चुका सांगितल्या आहेत. एक अडण्याची: समोरून रेटा आला की आपणही तितक्याच जोराने रेटायचे. ही चूक कुणालाही कळते. दुसरी सुटण्याची: रेटा आला की हात काढूनच घ्यायचा, मागे सरकायचे, स्पर्श तोडायचा. ही मात्र चूक आहे, हे मला अनुभव आल्याशिवाय कळले नाही.

कोजागरी झाली की आमच्या गावच्या विठोबाच्या देवळात काकडआरती सुरू होते. गेल्या वर्षी सासूबाईंनी हट्ट धरला, आरतीला मी जाणार. पहाटेची वेळ, बोळात काळोख, देवळाला अकरा पायऱ्या, त्या दवाने ओल्या. मी म्हटले, "आई, नाही म्हणजे नाही." चार दिवस हा वाद चालला. त्या जितक्या जोराने 'जाणार' म्हणत, तितक्याच जोराने मी 'नाही' म्हणे. पाचव्या दिवशी मी कंटाळले. "जायचंय ना? जा. तुमची मर्जी. पडलात तर मला मात्र बोलवू नका."

वरून पाहणाऱ्याला वाटले असते, सुनेने माघार घेतली. सून मऊ झाली. पण सासूबाई गेल्या नाहीत. दाराशी काढून ठेवलेल्या वहाणा त्यांनी आत नेऊन खाटेखाली सरकवल्या आणि त्या भिंतीकडे तोंड करून निजल्या. दोन दिवस त्यांनी व्यायामही केला नाही. मी अडले होते तेव्हा त्या निदान भांडत होत्या. मी सोडले, आणि त्यांच्या हाताला टेकायला काही उरलेच नाही.

त्या रात्री मला ती दुसरी चूक आठवली. घराघरांत आपण जिला समजूतदारपणा म्हणतो, ती पुष्कळदा हीच चूक असते. 'करा तुम्हाला हवे ते' या वाक्यात नम्रता नाही, त्याग नाही. तो रागाने काढून घेतलेला हात आहे. नवरा बायकोला, बाप मुलाला, सून सासूला असे 'स्वातंत्र्य' देतात आणि मनात त्यांच्या पडण्याची वाट पाहतात. अडणारा माणूस निदान तुमच्याशी बांधलेला असतो. सोडणारा तुम्हाला एकटे करतो, आणि वर उदार म्हणवून घेतो.

तिसऱ्या दिवशी पहाटे साडेचारला मी सासूबाईंना उठवले. बोळात मी त्यांचा दंड धरला नाही. माझा हात कोपरात वाकवून आडवा पुढे केला. त्यांनी आपले मनगट त्यावर टेकले. देवळाशी आल्यावर मी त्यांच्यापेक्षा एक पायरी खाली राहिले. त्या रिकामे पाऊल पायरीवर टेकवीत, दगड चाचपीत, मग भार नेत. त्यांच्या मनगटातून मला त्यांचे पाऊल कळत होते. सातव्या पायरीपर्यंत तो हात माझ्या हातावर पानासारखा होता. आठव्या पायरीवर त्यात एक बारीक कंप आला. तोंडाने त्या काहीच बोलल्या नाहीत. मीही बोलले नाही. आम्ही दोघी थांबलो. वरून टाळांचा आवाज येत होता. थोड्या वेळाने त्याच म्हणाल्या, "आज इथूनच नमस्कार करते. उरलेल्या तीन उद्या."

मी अडवले असते तर त्यांनी अकराही पायऱ्या चढून दाखवल्या असत्या, हे मला पक्के ठाऊक आहे. मी सोडले असते तर पहिलीही चढल्या नसत्या.

इथे एक आक्षेप मला स्वतःलाच ऐकू येतो. अन्यायापुढेही असेच वळायचे का? हाताला हात लावून ऐकत बसायचे का? बाईमाणसांना मऊपणाचे धडे फार दिले गेले आहेत, आणि ते देणाऱ्यांचे कोपर बहुधा खणण्यातच गुंतलेले असत. तेव्हा स्पष्टच लिहिते. ताई ची ही मुळात लढाईची विद्या आहे. वळणे म्हणजे कबूल करणे, असे तिने कधीच म्हटलेले नाही. रेटा वळवून द्यायचा तो आपली जागा न सोडता. जिच्या पायांखालची जमीनच कुणी काढून घेत असेल, तिला कुणीही लव्हाळ्याचा दाखला देऊ नये. तिने तिथून बाहेर पडावे, आणि आपण तिला उभे राहायला जमीन द्यावी. हात लावून ऐकण्याची गोष्ट, जिथे दोघेही उभे राहू इच्छितात, तिथली आहे. पण आपल्या घरांतली शंभरातली नव्वद भांडणे तिथलीच असतात, हेही खरे ना?

दुसरा आक्षेप हिशेबी माणसाचा. एवढे करून आरोग्य नक्की लाभते का? पडण्याचा धोका कमी होतो, कंपवाताच्या रोग्यांना तोल सावरायला मदत होते, अशी प्रमाणे आहेत. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात कंपवाताच्या १९५ रोग्यांपैकी ज्यांना २४ आठवडे ताई ची शिकवली, ते नुसते अंग ताणण्याचे व्यायाम करणाऱ्यांपेक्षा कमी वेळा पडले. पण हमी मागाल तर ती कुणी देऊ नये. ज्या यांग छंगफूने ही विद्या सर्वांच्या आरोग्यासाठी संथ केली, त्याला स्वतःला वयाची ५५ वर्षेही लाभली नाहीत. फळावर डोळा ठेवून करण्यातली ही ओढ आपल्याला गीतेने पुष्कळ आधी समजावली आहे. मी तरी आरोग्यासाठी सुरू केलेच नव्हते. मी सुरू केले होते सासूबाईंनी अट घातली म्हणून. आणि मला जे मिळाले त्याची मागणी मी केलेली नव्हती. आपला भार आपल्या पायांवर असेल तरच आपला हात दुसऱ्यासाठी मोकळा राहतो, एवढेच ते आहे. ज्याला स्वतःलाच पडण्याची भीती वाटते, तो आधार देतो म्हणून दुसऱ्याला धरतो, आणि खरे तर स्वतःच लटकतो. दंड ओढत चालणारी मी तशीच लटकत होते: घड्याळाला, लोक काय म्हणतील याला, त्यांना काही झाले तर दोष माझ्यावर येईल या भीतीला.

शेवाळलेली ती फरशी आम्ही अजून बदललेली नाही. सासूबाई म्हणतात, राहू दे. तिच्यापाशी आले की पाय आपोआप रिकामा पडतो. तिथे त्यांना अजूनही भीती वाटते, आणि तसे त्या सांगतातही. पूर्वी सांगत नसत. रोज सकाळी तुळशीपाशी आम्ही दोघी उभ्या राहतो, ढगांसारखे हात फिरवतो, आणि शेवटी थोडा वेळ मनगटाला मनगट लावतो. सत्याहत्तर वर्षांच्या त्या. मला वाटायचे, मी त्यांना सांभाळून घेते आहे.

परवा वसुबारसेची तयारी मनात घोळत होती. चकलीची भाजणी दळून आणायची राहिली होती, शाळेचे पेपर तपासायचे पडले होते. हात फिरत होते, मन गिरणीत होते. माझ्या मनगटावरचे त्यांचे मनगट किंचित थांबले.

"अगं," त्या डोळे न उघडताच म्हणाल्या, "तू गिरणीत पोचलीस, पण तुझा भार अजून उजव्याच पायावर आहे. आधी इथं ये."